पेनड्राइव्हवरची साथसंगत

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ‘स्टाइल’ म्हणजे यंत्रात भरून ठेवलेली साथसंगत. डाव्या हाताने एखादी कॉर्ड धरली की ड्रम, बास, गिटार, मागचे व्हायोलिनचे सूर असा सगळा ताफा त्या कॉर्डला धरून वाजू लागतो आणि उजवा हात गाण्याची चाल वाजवायला मोकळा राहतो. दुकानातून आणलेल्या कीबोर्डमध्ये कंपनीने शे-दोनशे स्टाइल आधीच भरलेल्या असतात. मात्र त्या साऱ्या जगाचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या. त्यांत बोसा नोव्हा असतो, पोल्का असतो, वॉल्ट्झचे दोन-चार प्रकार असतात. ‘इंडियन’ म्हणून भांगडा आणि एखादा भजनाचा ठेका. कोळीगीत, गोंधळ किंवा लावणीची ढोलकी हवी असेल तर ती बहुधा बाहेरून आणून यंत्रात भरावी लागते. मोबाइलमध्ये गाणी टाकावीत तशी कीबोर्डमध्ये स्टाइल टाकायची, असे बोलताना सहज म्हटले जाते. वाजवणाऱ्यांची निम्मी फसगत या तुलनेपासूनच सुरू होते. गाण्याच्या फाइलमध्ये आवाज असतो. स्टाइलच्या फाइलमध्ये आवाजाचा कणही नसतो; तिच्यात असतात फक्त हुकूम.

हे हुकूम कोणाला कशासाठी लागतात ते पाहायला चेन्नईचा टी. नगर हा भाग सोयीचा आहे. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने १९२० च्या दशकात वसलेली ही वस्ती आज रेशमी साड्या, सोने आणि रंगनाथन स्ट्रीटवरच्या मुंगीलाही वाट न देणाऱ्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. पण वाणी महाल आणि कृष्ण गान सभा याच भागात आहेत, आणि मार्गळी महिन्याच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या संगीत मोसमात तिथे कर्नाटक संगीताच्या मैफली भरतात. लोकलच्या रुळांपलीकडे कोडंबाक्कम आहे, ज्याच्या नावावरून तमिळ सिनेसृष्टीला ‘कॉलिवूड’ म्हणतात. त्यामुळे या पट्ट्यात कीबोर्ड तीन वेगळ्या कामांना जुंपला जातो. एक, शाळकरी मुलांच्या ग्रेड परीक्षा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि त्यात स्टाइल नेटकी वापरणे हेच एक कौशल्य मानले जाते. दोन, लग्ना-समारंभातला ऑर्केस्ट्रा, जिथे दप्पांगुत्तु या तमिळ लोकनाचाचा सहा मात्रांचा उसळता ठेका नसेल तर पाहुणे खुर्चीवरून उठत नाहीत. आणि तीन, घरी बसून कीर्तने किंवा वर्णम् या कर्नाटक संगीतातल्या रचना वाजवू पाहणारा हौशी वादक, ज्याला कॉर्ड नकोच असते, फक्त ताल हवा असतो. तिघांच्या हातात यंत्र तेच असले तरी प्रत्येकाला त्यातून वेगळी साथ हवी असते.

यंत्राने ठेका धरण्याची कल्पना कीबोर्डपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ नावाची पेटी विकायला काढली. तिच्यात एक तबकडी फिरे आणि तिच्यावरचे संपर्कबिंदू जुळले की ड्रमसारखे आवाज निघत. पुढे १९६७ मध्ये जपानच्या एस टोन कंपनीचा ‘ऱ्हिदम एस’ आला; तो तयार करणाऱ्या इकुतारो काकेहाशी यांनीच १९७२ मध्ये रोलँडची स्थापना केली. घरगुती ऑर्गनमध्ये हे ठेके बसवले गेले, त्यांना बास आणि कॉर्डची जोड मिळाली आणि १९८० च्या सुमारास तीच युक्ती कॅसिओ आणि यामाहाच्या छोट्या प्लास्टिकच्या कीबोर्डांत उतरली. या तयार साथींना गंभीर संगीतकार नाके मुरडत. त्यांना कॅसिओच्या एमटी-४० ची गोष्ट सांगावी. १९८१ च्या या स्वस्त कीबोर्डमधला ‘रॉक’ नावाचा ठेका ओकुडा हिरोको या तरुण कर्मचारी बाईंनी रचला होता. १९८५ मध्ये जमैकाच्या वेन स्मिथने तोच ठेका जवळजवळ जसाच्या तसा वापरून ‘अंडर मी स्लेंग टेंग’ केले आणि रेगे संगीताने कूस बदलली.

तोवर १९८३ मध्ये ‘मिडी’ आले होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ही भाषा. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढेच ती सांगते. आवाज ज्याने त्याने आपापला काढायचा. कोडंबाक्कममध्ये संगीतकार इळैयराजांनी १९८६ च्या ‘पुन्नगै मन्नन’ या चित्रपटासाठी यामाहाचा सीएक्स५एम हा संगीत-संगणक वापरला, तो याच भाषेच्या जोरावर. आजची स्टाइल फाइल त्याच घराण्यातली आहे.

यामाहाची स्टाइल उघडून पाहिली, तर आत एक साधी मिडी फाइल सापडते आणि तिला जोडलेले काही जादा कप्पे. साथ आठ वाटांनी चालते: दोन तालाच्या, एक बासची, दोन कॉर्डच्या, एक लांब सुरांचा ‘पॅड’ आणि दोन छोट्या सुरावटींच्या. या आठ वाटा मिडीच्या ९ ते १६ या चॅनेलांवर बसतात. फाइलच्या लांबीवर जागोजागी खुणा केलेल्या असतात. इथे इंट्रो, इथून मेन ए, इथून मेन बी, इथे फिल (दोन भागांमधला छोटा भरावा), इथे एंडिंग. पॅनलवरची बटणे दाबली की यंत्र त्या खुणांवर उड्या मारते. हे सगळे मिळून भरते काही किलोबाइट, फार तर शंभर-दीडशे. फोनवरून काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जड असतो.

खरी करामत त्या जादा कप्प्यांत आहे. स्टाइल रचणारा सगळी साथ एकाच कॉर्डवर वाजवून ठेवतो; यामाहात ती रीतीप्रमाणे सी मेजर सेव्हन असते. वादकाने एफ मायनर धरली की यंत्राने प्रत्येक सूर कुठे सरकवायचा, याचे नियम प्रत्येक वाटेला वेगळे लिहिलेले असतात. बासने मूळ सुरावर जायचे. कॉर्डच्या वाटेने शक्यतो जवळच्या जवळ हलायचे, नाहीतर प्रत्येक बदलाला गिटार वर-खाली उडी मारते आणि ऐकणाऱ्याला गचके बसतात. सुरावटीतल्या शुद्ध गंधाराने मायनरमध्ये कोमल व्हायचे. आणि तालाच्या वाटेने काहीच करायचे नाही, कॉर्ड कोणतीही असो. गिटारसाठी हे नियम बरीच वर्षे अपुरे होते, कारण गिटारच्या सहा तारांवर बोटे जशी पडतात तशी कॉर्डची मांडणी पेटीवर होत नाही. यामाहाने २००८ च्या टायरॉस-३ पासून त्यासाठी सुधारित रचना आणली. तिला ‘एसएफएफ जीई’ म्हणतात आणि त्यातले जीई म्हणजे गिटार एडिशन. जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांना हे नवे नियम समजत नाहीत. फाइल एकतर घेतलीच जात नाही, किंवा घेतली तरी गिटार भलतेच वाजते.

हुकूम तेच, पण ते पाळणारे वेगळे. एका यंत्रावर घोटून बसवलेली स्टाइल दुसऱ्यावर टाकली की ओळखू येत नाही, याचे मूळ इथे आहे. फाइल म्हणते, ‘अमुक क्रमांकाच्या कप्प्यातली सारंगी वाजव.’ त्या यंत्रात तो कप्पाच नसेल तर ते जवळचे काहीतरी उचलते, पुष्कळदा साधा पियानो. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाने १२८ वाद्यांची एक समान यादी ठरवली गेली, ती याच गोंधळावर उतारा म्हणून. त्या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर शहनाई. भारताच्या वाट्याला एवढेच. तालवाद्यांच्या ठरीव यादीत काँगा, बोंगो, मराकस, गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा आहे; तबला, ढोलकी, मृदंगम्, तविल यांपैकी काही नाही.

तालाच्या वाटेवर हा घोटाळा फारच ठळकपणे ऐकू येतो. तालवाद्यांच्या संचात प्रत्येक पट्टीवर एक वेगळा आघात असतो. समान यादीप्रमाणे ३६ क्रमांकाच्या पट्टीवर मोठा ड्रम, ३८ वर स्नेअर, ४९ वर क्रॅश झांज, ५६ वर ती घंटा. भारतीय संच करणारा या पट्ट्यांवर आपल्या सोयीने तबल्याचे बोल बसवतो. समजा त्याने ‘ना’ ४९ वर ठेवला. ही स्टाइल भारतीय संच नसलेल्या कीबोर्डवर टाकली की केहरवा सुरू होतो, आणि जिथे जिथे चाटेवर टिचकी पडायची तिथे तिथे खणखणीत झांज आदळते. नवशिक्याला वाटते फाइल खराब आहे. फाइल ठणठणीत असते. तिचा हुकूम अक्षरशः पाळला गेलेला असतो. इलाजही त्यामुळे साधा असतो: तालाच्या वाटेला यंत्रातला दुसरा संच नेमून द्यायचा, आणि बोल जुळत नसतील तर संगणकावर एकेक पट्टी हलवायची. हे काम किचकट आहे, पण एखाद्या संध्याकाळी बसून होण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष भरण्याची कृती मात्र पाच मिनिटांची. आधी कीबोर्डची पाठ पाहावी. मोबाइलच्या जुन्या चार्जरला असते तसे चपटे, पेनड्राइव्ह बसणारे भोक असेल तर संगणकाची गरज नाही. प्रिंटरच्या वायरीचे असते तसे चौकोनी भोकच तेवढे असेल, तर फाइल संगणकातून वायरीने पाठवावी लागते आणि त्यासाठी कंपनीचा प्रोग्रॅम लागतो. पेनड्राइव्ह शक्यतो कीबोर्डमध्येच फॉरमॅट करावा. मोठ्या क्षमतेचे आजचे पेनड्राइव्ह अशा पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात की बऱ्याच कीबोर्डांना ते वाचताच येत नाहीत; त्यांना जुनी फॅट३२ पद्धत लागते. फाइल ठेवायची जागाही ठरलेली. कॅसिओच्या सीटी-एक्स३००० सारख्या मॉडेलांना ती ‘म्युझिकडॅट’ नावाच्या फोल्डरमध्ये लागते. यामाहाची काही मॉडेले फोल्डरच्या आत फोल्डर असे दोन पायऱ्यांपर्यंतच उतरतात, तिसऱ्या पायरीवरची फाइल त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. नाव इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर असलेले बरे. तमिळ किंवा देवनागरी नाव छोट्या पडद्यावर उमटत नाही.

मग पेनड्राइव्ह लावून फाइलच्या मेन्यूत जायचे, ‘लोड’ निवडायचे, फाइलवर यायचे आणि ती कोणत्या रिकाम्या क्रमांकावर बसवायची ते सांगायचे. मधल्या किमतीच्या यामाहांत अशा दहा-एक जागा असतात, अगदी स्वस्तात एखादीच. महागड्या मॉडेलांत भरण्याचा प्रश्नच नसतो, ती स्टाइल थेट पेनड्राइव्हवरून वाजवतात. भरणे चालू असताना वीज बंद करू नये, हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत असते आणि अडॅप्टरची पिन सैल असलेल्यांनी ते दोनदा वाचावे.

कंपनी बदलली की मात्र हे सगळे अडते. कॅसिओची फाइल ‘एसी७’ या शेपटाची, यामाहाची आणि कोर्गची दोन्ही ‘एसटीवाय’. पण शेपूट एक असले तरी आतली बांधणी निराळी. कोर्ग तर स्टाइल सुटी घेतच नाही, ‘सेट’ नावाच्या फोल्डरात, त्याच्या आत ‘स्टाइल’ नावाच्या उपफोल्डरात ती असावी लागते. एकाची स्टाइल दुसऱ्याला देणारे रूपांतराचे प्रोग्रॅम मिळतात. त्यांच्याकडून सूर आणि ताल बरोबर उतरतात, आवाजांची निवड मात्र अंदाजाने होते. रूपांतर केलेली स्टाइल हाताने नीट केल्याशिवाय स्टेजवर नेऊ नये.

आवाजच नसतील तर ते विकत किंवा फुकट मिळवून यंत्रात बसवता येतात, पण ही सोय वरच्या पायरीवरच्या यंत्रांत. यामाहाच्या २०१५ च्या पीएसआर-एस७७० मध्ये त्यासाठी सुमारे १६० मेगाबाइट जागा होती. २०१९ च्या एसएक्स९०० मध्ये ती सुमारे एक गिगाबाइट झाली. अशा बसवायच्या आवाजांच्या गठ्ठ्याला ‘एक्स्पान्शन पॅक’ म्हणतात, आणि यात हुकुमांबरोबर खरोखर ध्वनिमुद्रित आवाज येतात. पद्धत लांबण लावणारी आहे: आधी कीबोर्डमधून त्याची ओळख सांगणारी एक छोटी फाइल पेनड्राइव्हवर काढायची, ती संगणकातल्या प्रोग्रॅमला दाखवायची, हवे ते पॅक निवडून त्यांची एक गाठोडी-फाइल बांधायची, ती परत कीबोर्डला द्यायची. नवे पॅक बहुधा सुटे टाकता येत नाही, पूर्ण गाठोडे पुन्हा बांधावे लागते. ज्यांना एवढे नको, त्यांच्यासाठी कंपन्या भारतासाठी खास मॉडेले काढतात. कॅसिओच्या अशा मॉडेलांच्या नावाअखेर ‘आयएन’ असते, यामाहाच्या नावात ‘आय’. यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये ‘रियाज’ नावाचीच सोय आहे: तानपुरा आणि तबला, कॉर्डची भानगड नाही.

टी. नगरमधल्या त्या तिसऱ्या वादकाची, कीर्तने वाजवणाऱ्याची, अडचण मात्र आवाजापाशी संपत नाही. स्टाइलचा पायाच पाश्चात्त्य बारवर, म्हणजे ठरावीक मात्रांच्या गटावर, रचलेला आहे. आदि तालाच्या आठ अक्षरांचे एक आवर्तन बहुधा चार-चारच्या दोन बारमध्ये लिहिले जाते. यंत्राच्या लेखी हे दोन्ही बार सारखेच. सम नावाची गोष्ट त्याला ठाऊक नाही. वादकाने पहिला बार संपताना मेन बी चे बटण दाबले, की मेन बी आपल्या सुरुवातीपासून सुरू होतो आणि सम अर्धे आवर्तन आधी येऊन पडते. चाल एकीकडे, मृदंगम् दुसरीकडे. महाराष्ट्रातल्या पेटीवाल्याने तीनतालात हेच करून पाहावे. तीनताल चार बारचा, म्हणजे चुकायच्या जागा आणखी जास्त. फिलचेही तसेच. यामाहात फिल एका बारचाच असतो. तिहाई एका बारमध्ये मावली तर ठीक, नाहीतर ती एंडिंगमध्ये घालावी लागते आणि एंडिंग वाजून झाले की साथ थांबते. मिश्र चापूचे सात (३+४) किंवा आपल्याकडच्या रूपकाचे सात (३+२+२) सातच्या एका बारमध्ये छान बसतात, त्यामुळे हे तथाकथित अवघड ताल यंत्रावर आदि तालापेक्षा सोपे जातात, ही यातली गंमत.

दुसरी अडचण पट्टीची. गाणाऱ्याला काळी चार हवी म्हणून ट्रान्सपोझचे बटण दाबले की बास आणि गिटार वर चढतात, पण तालसंचाला ते लागू होत नाही. तबला जिथे मिळवून मुद्रित केला होता तिथेच राहतो. पाश्चात्त्य ड्रमच्या बाबतीत हे बरोबरच आहे. तबला किंवा मृदंगम् मात्र षड्जात मिळवायचे असतात, आणि एका पट्टीने बेसूर वाजणारी चाट कान किटवते. तालसंचाचा सूर वेगळा बदलण्याची सोय ज्या यंत्रात आहे तिथे ती वापरावी; नसेल तिथे गाणाऱ्याने वादकाच्या पट्टीत गायचे, एवढाच मार्ग उरतो.

हजारो स्टाइलचे गठ्ठे पेनड्राइव्हवर हातोहात फिरतात. त्यात एकच ठेका पाच नावांनी सापडतो, मॉडेलाचा पत्ता नसतो, आणि पुष्कळ स्टाइल कुणीतरी मेहनतीने रचून विकलेल्या असतात, ज्याची किंमत गठ्ठा देणाऱ्याने मोजलेली नसते. कंपनीकडून रीतसर घेतलेल्या काही स्टाइल खरेदीदाराच्या यंत्राच्या ओळखक्रमांकाला बांधलेल्या असतात. त्या दुसऱ्या यंत्रावर चालतच नाहीत. गठ्ठ्यातून वीस नेमक्या निवडून आपल्या यंत्रावर नीट करून घेणारा वादक दोन हजार बाळगणाऱ्यापेक्षा कार्यक्रमात निवांत असतो.

भरलेली स्टाइल नीट केली, आवाज बदलले, लय ठरवली, की हे सगळे रजिस्ट्रेशनच्या एका बटणावर बांधून ठेवता येते. इथे शेवटची एक मेख आहे. साध्या कीबोर्डांत ते बटण स्टाइल साठवत नाही, स्टाइलचा क्रमांक तेवढा साठवते. त्या क्रमांकावर पुढच्या आठवड्यात दुसरी फाइल भरली, तर जुने बटण मुकाट्याने नवीच स्टाइल वाजवते. गोंधळाचा संबळ जिथे सुरू व्हायचा तिथे पोल्का सुरू होतो. म्हणून कोणत्या क्रमांकावर काय आहे याचा कागद ऑर्केस्ट्रातले जाणते वादक कीबोर्डच्या पिशवीत ठेवतात, आणि सगळ्या फाइलींची एक नक्कल घरच्या संगणकावर.